न्हाणीतला गॅस गिझर आपोआप बंद करणारी यंत्रणा : लातूरमधल्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४ : जागेची पाहणी

शिकवणीसाठी आलेल्या मुलांचं खाजगी वसतिगृह, औसा रोडच्या बाजूला. तळमजला आणि वर दोन मजले. प्रत्येक मजल्यावर दोन न्हाण्या आणि प्रत्येकीत मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर. सिलिंडर बाहेर बोळात, जाळीच्या पिंजऱ्यात. तिथून भिंतीवरून तांब्याची नळी वर गेलेली.

न्हाणीचं माप ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट. आतली हवा १९२ घनफूट, म्हणजे ५.४ घनमीटर. झरोका एकच, काचेच्या पट्ट्यांचा. थंडी पडली की पट्ट्या मिटल्या जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका झरोक्यात टॉवेल कोंबलेला होता आणि त्यावर सिमेंटच्या पोत्याचा कागद चिकटवलेला होता. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या तळाला रबराची पट्टी, त्यामुळे खालून हवा यायलाही वाट नाही. एकाही गिझरला धुराडं नाही. जळून निघालेली सगळी हवा न्हाणीतच राहते.

पहिला निर्णय यंत्रणेचा नाही, जागेचा. गिझर न्हाणीबाहेर काढून फक्त गरम पाण्याची नळी आत घेणं, याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही. तळमजल्याला आणि पहिल्या मजल्याला उघडी गॅलरी आहे, तेव्हा तिथले चारही गिझर बाहेर जातील. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून बाजूने आडोसा आणि वरून पावसाचं छप्पर, पण समोरची बाजू मोकळी. दुसऱ्या मजल्यावर गॅलरी नाही आणि गच्चीवर नेलं तर नळी फार लांब होते. म्हणून स्वयंचलित बंदीची यंत्रणा फक्त त्या दोन न्हाण्यांसाठी. जिथे गिझर हलवता येतो तिथे सेन्सर लावून समाधान मानायचं नाही, हे मालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

६ नोव्हेंबर : हिशेब

हा हिशेब प्रत्येक गिझरवाल्याने एकदा करून पाहावा.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १०.५ किलोवॉट उष्णता लागते. गिझरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर १२.५ किलोवॉटचा गॅस जळतो. एक किलो एलपीजीतून साधारण १२.८ किलोवॉट-तास मिळतात, म्हणजे तासाला जवळपास १ किलो गॅस. एक किलो गॅस जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून १.६ ते १.७ घनमीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आता न्हाणी पूर्ण बंद आहे असं धरू. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८ वर यायला ५.४ घनमीटरांतले ०.१६ घनमीटर खर्ची पडावे लागतात. तेवढ्याला ५७ ग्रॅम गॅस पुरतो आणि तो जळायला साडेतीन मिनिटं लागतात. वीस लिटरची बादली भरायला याच गिझरला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. म्हणजे घट्ट बंद न्हाणीत एक बादली भरते तोवर हवा धोक्याच्या उंबरठ्यावर आलेली असते. खऱ्या न्हाणीत फटी असतात, त्यामुळे वेळ थोडा जास्त मिळतो. पण टॉवेल कोंबणारा मुलगा नेमक्या त्या फटीच बुजवत असतो.

१८ टक्क्यांच्या आसपास ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास मर्कॅप्टनचा असतो आणि तो ज्योतीत जळून जातो. ‘वास आला असता तर कळलं असतं’ ही समजूत इथे पूर्ण निकामी आहे.

बहुतेक गिझरमध्ये २० मिनिटांनी बंद होणारा टायमर असतो. तो तोटी बंद करून पुन्हा उघडली की शून्यापासून मोजायला लागतो. वसतिगृहात पहाटे पाच ते सात एकामागून एक मुलं आंघोळीला जातात. टायमर प्रत्येकाला नवा, पण हवा आधीच्याचीच. म्हणून बंदी वेळेवरून नाही, हवेवरून व्हायला हवी.

९ नोव्हेंबर : नेमकं काय मोजायचं

चार मार्ग समोर होते.

पहिला, ऑक्सिजन घटल्यावर बंद पडणारा पायलट बर्नर. छोट्या पायलट ज्योतीत थर्मोकपल असतं. त्यातून निघणारे काही मिलिव्होल्ट चुंबकी व्हॉल्व्ह धरून ठेवतात. ऑक्सिजन १८ टक्क्यांकडे घसरला की ज्योत बर्नरवरून उचलली जाते, थर्मोकपल गार पडतं आणि व्हॉल्व्ह सुटतो. बॅटरी नको, इलेक्ट्रॉनिक्स नको. धुराडं नसलेल्या खोली-हीटरांत हे तंत्र वर्षानुवर्षं वापरात आहे. पण इथले गिझर दोन सेलवर ठिणगी टाकणारे आहेत, त्यांच्यात सतत जळणारा पायलटच नाही. बाहेरून बसवायची ती गोष्ट नव्हे. नवीन गिझर घेणाऱ्याने मात्र ऑक्सिजन घटल्यावर बंद होणारं मॉडेल मागावं.

दुसरा, विद्युत-रासायनिक ऑक्सिजन सेन्सर. हा हवेत ठेवल्यापासूनच झिजतो आणि दोनेक वर्षांत संपतो. शिवाय आपल्याला २०.९ आणि १९.३ यांतला फरक ओळखायचा आहे. आकडा घसरला तो सेन्सर जुना झाल्यामुळे की हवा बिघडल्यामुळे, हे त्यावरून सांगता येत नाही.

तिसरा, कार्बन डायऑक्साइड. एलपीजी जळताना ऑक्सिजनचे दहा भाग गेले की कार्बन डायऑक्साइडचे सहा भाग येतात. तो बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, त्यामुळे १०,००० पीपीएम म्हणजे जवळपास चोवीस पट. ऑक्सिजनच्या भाषेत तीच घट फक्त १.६ टक्क्यांची. मोजायला सोपं ते हेच. अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर घ्यायचा. स्वस्त मॉड्यूलं बरीचशी ५,००० पीपीएमला संपतात आणि बंद न्हाणीत हा गिझर ५,००० पीपीएम एका मिनिटाच्या आत गाठतो. म्हणून एससीडी३० हा सेन्सर घेतला. त्याची अचूकता १०,००० पर्यंत दिलेली आहे आणि वाचन ४०,००० पर्यंत जातं.

चौथा, कार्बन मोनॉक्साइड. तो हवाच, पण एकटा नको. तो सर्वांत शेवटी वाढतो आणि वाढला की झपाट्याने वाढतो. डायऑक्साइड आधी इशारा देतो. पण जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) मळलेला, पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पंखांमध्ये काजळी बसलेली असेल तर भरपूर हवेतही मोनॉक्साइड निघतो आणि तो डायऑक्साइडचा सेन्सर पकडणार नाही. दोन्ही लागतात. यासाठी झेडई०७-सीओ हे विद्युत-रासायनिक मॉड्यूल, ० ते ५०० पीपीएम.

एमक्यू-७ हा मोनॉक्साइडचा दुसरा सेन्सर घेतला नाही. त्याला ५ व्होल्टवर ६० सेकंद आणि १.४ व्होल्टवर ९० सेकंद असं तापमानाचं चक्र द्यावं लागतं, म्हणजे वाचन अडीच मिनिटांतून एकदा. आपल्या न्हाणीत अडीच मिनिटं म्हणजे पाऊण बादली.

१३ नोव्हेंबर : व्हॉल्व्ह

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सविस्तर.

हवा तो प्रकार : वीज नसताना बंद राहणारा, थेट उचलणारा, गॅससाठी बनवलेला सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा) व्हॉल्व्ह. १२ व्होल्ट डीसी, अर्धा इंची आटे, आतलं छिद्र किमान १० मिलिमीटर.

वॉशिंग मशीनचा किंवा आरओचा पाण्याचा व्हॉल्व्ह चालत नाही. त्यातला पडदा उघडायला पाण्याचा दाब मदतीला लागतो. घरगुती रेग्युलेटरमधून येणारा गॅस फक्त ३० मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे ३०० मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. तेवढ्यावर तो उघडतच नाही. उघडलाच तर त्याचं रबर एलपीजीत टिकण्यासारखं नसतं.

छिद्राचा हिशेब. तासाला १ किलो गॅस म्हणजे अर्धा घनमीटर. २.५ मिलिमीटर छिद्रातून तो न्यायचा तर दाब जवळपास २०० मिलिमीटर पाण्याएवढा पडतो आणि गिझरपर्यंत ३०० पैकी शंभरच पोचतात. ४ मिलिमीटरला ही घट ३० मिलिमीटरपर्यंत येते, १० मिलिमीटरला १ मिलिमीटरही राहत नाही. दाब कमी पडला की ज्योत लहान होते, पाणी कोमट येतं, आणि मग कोणीतरी व्हॉल्व्हच काढून टाकतं. सुरक्षेचं साधन गैरसोयीचं झालं की ते फार दिवस जागेवर राहत नाही.

सिलिंडरची नॉब फिरवणारं किंवा बॉल व्हॉल्व्ह फिरवणारं मोटरचं यंत्र स्वस्त मिळतं. तेही घेतलं नाही. वीज गेली, तार तुटली, गिअर अडकला, तर ते आहे त्याच जागी, म्हणजे उघडंच राहतं. स्प्रिंगने बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला बंद व्हायला कशाचीच गरज नसते.

१६ नोव्हेंबर : कॉइल, बॅटरी, भारनियमन

व्हॉल्व्हच्या चुंबकाची कॉइल १८ वॉटची : ८ ओहम, दीड अँपिअर. सतत चालू ठेवली तर हात लावता येणार नाही इतकी तापते आणि बॅटरी खाते. उचलायला पूर्ण ताकद लागते, धरून ठेवायला त्याच्या तिसऱ्या हिश्शाने भागतं. म्हणून कॉइलच्या ओळीत १५ ओहम, १० वॉटचा रोध (रेझिस्टर). उघडताना अर्धा सेकंद एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) तो रोध बाजूला ठेवतो, नंतर रोध आत येतो. धरण्याचा प्रवाह ०.५२ अँपिअर, कॉइलमध्ये जेमतेम २ वॉट.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास, सीलबंद. सेन्सर आणि मंडल (सर्किट) मिळून ०.१५ अँपिअर. व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवला तरी सात-आठ तास. पण तो सतत उघडा नसतोच : न्हाणीबाहेरचं बटण दाबल्यावर उघडतो आणि २० मिनिटांनी आपोआप बंद होतो.

बॅटरीवर एवढा जोर का? लाईट जाणं इथे रोजचं आहे. बॅटरी नसेल तर प्रत्येक वेळी अंगाला साबण असताना पाणी गार होणार आणि आठवड्याभरात कोणीतरी व्हॉल्व्हला वळसा घालून नळी जोडणार. वीज गेली तर बंद, हे तत्त्व बरोबरच. पण लाईट जाणं हा बिघाड मानला तर यंत्रणा मराठवाड्यात टिकणार नाही. बॅटरी ११.४ व्होल्टच्या खाली गेली तर मात्र व्हॉल्व्ह उघडूच द्यायचा नाही.

२० नोव्हेंबर : मंडल अडकलं तर?

मंडल चालवणारा मायक्रोकंट्रोलर कधीतरी अडकतो. त्याचा पाय (पिन) उंच, म्हणजे चालू स्थितीत राहिला आणि त्याच वेळी प्रोग्राम थांबला, तर व्हॉल्व्ह उघडा आणि पहारा बंद. म्हणून ट्रान्झिस्टरला सरळ सिग्नल दिलेला नाही. प्रोग्राम चालू असताना तो एका पायावर १ किलोहर्ट्झचे चौकोनी स्पंद (पल्स) काढतो. स्पंद १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून जातात, दोन १एन४१४८ डायोड त्यांचं डीसी करतात, पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० किलोओहम. ५ व्होल्टच्या स्पंदांतून इथे सव्वातीन-साडेतीन व्होल्ट मिळतात, आयआरएलझेड४४एन मॉसफेट (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) चालू करायला पुरेसे. स्पंद थांबले, पाय उंच राहो की खाली, पाव सेकंदात गेट रिकामं होतं आणि व्हॉल्व्ह बंद. स्पंद मात्र मुख्य फेऱ्यातूनच काढायचे. टायमरच्या हार्डवेअरमधून काढले तर प्रोग्राम मेला तरी स्पंद चालूच राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मॉसफेट बिघडला की बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून त्याच्या ओळीत एक रिले. दर वेळी बटण दाबल्यावर आधी एकटा रिले लावून प्रवाह पाहायचा : दिसला तर मॉसफेट गेलेला. मग एकटा मॉसफेट : प्रवाह दिसला तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटलेले. दोन्ही वेळा शून्य असेल तरच दोन्ही लावायचे. प्रवाह मोजायला ०.१ ओहमचा शंट (मोजणीचा छोटा रोध), ०.५२ अँपिअरला ५२ मिलिव्होल्ट, मायक्रोकंट्रोलरच्या १.१ व्होल्टच्या अंतर्गत संदर्भावर सहज वाचता येतात. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायचा.

सेन्सरकडून सलग १० सेकंद वाचन आलं नाही तरी बंद. कार्बन डायऑक्साइडचं वाचन ३०० च्या खाली आलं तरी बंद. बाहेरच्या हवेपेक्षा कमी आकडा येणं म्हणजे सेन्सर बिघडलेला.

२३ नोव्हेंबर : मर्यादा ठरवल्या

कार्बन डायऑक्साइड ६,००० पीपीएम : पिवळा दिवा आणि सावकाश बीप. १०,००० सलग १५ सेकंद : बंद. तेव्हा ऑक्सिजन १९.३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ज्योत बिघडण्याच्या बऱ्यापैकी आधी.

कार्बन मोनॉक्साइड ३० पीपीएम : पिवळा दिवा. ५० पीपीएम पाच मिनिटं : बंद. १०० पीपीएम ३० सेकंद : बंद.

घरगुती अलार्मसाठीचं युरोपचं मानक ईएन ५०२९१ यापेक्षा सैल आहे : ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांत अलार्म. तिथे विचार असा की विष रक्तात हळूहळू साठतं आणि उगाच वाजणारा अलार्म लोक काढून ठेवतात. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. आतला माणूस कडी लावून एकटा असतो, खोली कपाटाएवढी असते आणि चुकून बंद झालं तर नुकसान एवढंच की पाणी गार होतं. म्हणून कडक मर्यादा.

बंद झाल्यावर हवा सुधारली तरी व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही. डायऑक्साइड १,५०० च्या खाली, मोनॉक्साइड १० च्या खाली आणि मग बाहेर येऊन बटण. बटण दाबून सोडल्यावरच मोजायचं. नाहीतर कोणी चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवेल.

२८ नोव्हेंबर : बसवणी

गॅसचं काम एजन्सीच्या अधिकृत फिटरकडून. व्हॉल्व्ह दोन्ही न्हाण्यांच्या नळ्यांवर एकेक, न्हाणीबाहेर, रेग्युलेटरनंतरच्या तांब्याच्या पक्क्या नळीत. शेगडीची रबरी सुरक्षा नळी मधे कापून असं काही बसवायचं नाही. तो सांधा ताणाने सुटतो. व्हॉल्व्हवरचा बाण गॅसच्या दिशेने. उलटा बसला तर गॅसचा दाब झाकण उचलायला मदत करतो आणि बंद असूनही गळतं. आट्यांना गॅसची पिवळी टेप, पाण्याची पांढरी नव्हे. व्हॉल्व्हच्या आधी जाळी, कारण एलपीजीसोबत तेलकट गाळ येतो आणि झाकणाखाली बसतो.

सेन्सरची पेटी जमिनीपासून दीड मीटर, गिझरच्या समोरच्या भिंतीला, शॉवरच्या आणि झरोक्याच्या झोतापासून दूर. कार्बन मोनॉक्साइडची घनता हवेच्या जवळपास असते, त्यामुळे तो छताला किंवा जमिनीला चिकटून राहत नाही. श्वासाच्या उंचीला मोजणं योग्य. न्हाणीत फक्त ५ व्होल्ट जातात. बॅटरी, चार्जर, रिले सगळं बाहेर.

वाफ हा सेन्सरचा मोठा शत्रू. पेटीच्या भोकांवर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा, आत ३३ ओहमचा रोध ५ व्होल्टवर : पाऊण वॉट उष्णता, पेटी भोवतालापेक्षा थोडी उबदार राहते आणि आत पाणी साचत नाही.

लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. हवेचा दाब सहा-सात टक्के कमी आणि अवरक्त सेन्सर त्याच प्रमाणात कमी दाखवतो. एससीडी३० मध्ये उंची नोंदवायची सोय आहे, ती भरली. स्वयं-कॅलिब्रेशन (आकडा आपोआप जुळवून घेणं) बंद केलं. ते गृहीत धरतं की सेन्सरला रोज ताजी हवा मिळते. कोंदट न्हाणीत ते शून्यच सरकवून ठेवेल. त्याऐवजी दर महिन्याला पेटी गच्चीवर नेऊन ४२० वर बसवायची.

झरोक्याच्या काचपट्ट्या काढून न मिटणारी ॲल्युमिनियमची जाळी. दाराच्या तळाशी ६ बाय ६ इंचाची जाळी. सहा इंची एक्झॉस्ट पंखा इन्व्हर्टरवर, गॅसच्या बटणासोबतच सुरू होणारा. खालून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही. आतली कडीही बदलली, बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी.

३० नोव्हेंबर : चाचण्या

साबणाच्या पाण्याने सगळे सांधे. मग व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर चालू, आणि गिझरकडची नळी पाण्याच्या यू-नळीला : १० मिनिटं पाणी हललं नाही. गिझर पूर्ण चालू असताना त्याच्या तोंडाशी दाब २८० मिलिमीटरच्या वर.

कार्बन डायऑक्साइडची चाचणी प्लास्टिकच्या पिशवीत फुंकर भरून. सोडलेल्या श्वासात तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो. पिशवी पेटीवर धरली की अर्ध्या मिनिटात दहा हजारांच्या पुढे, आणि पुढच्या १५ सेकंदांनी ‘टक्’ असा व्हॉल्व्ह पडल्याचा आवाज. मोनॉक्साइडसाठी १०० पीपीएमची चाचणीवायूची बाटली. अगरबत्तीचा धूर बरणीत धरूनही आकडा हलतो, पण त्यावरून सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं, बरोबर आहे की नाही ते नाही. न्हाणी बंद करून, गिझर चालू ठेवून आत उभं राहून चाचणी कोणीही करू नये.

९ डिसेंबर : रात्री तीन वाजताचा कार्बन मोनॉक्साइड

डाव्या न्हाणीच्या नोंदीत पहाटे तीनच्या सुमारास मोनॉक्साइड ४० पीपीएमपर्यंत चढून उतरलेला. गिझर बंद, व्हॉल्व्ह बंद, डायऑक्साइड जागचा हललेला नाही. त्याआधी दीड तास लाईट नव्हती.

कारण जिन्याखालचा इन्व्हर्टर. मोठी ट्युब्युलर बॅटरी जोरात चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि विद्युत-रासायनिक मोनॉक्साइड सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. हायड्रोजन हलका, जिन्याच्या पोकळीतून सरळ वर आला. ‘डायऑक्साइड वाढला नसेल तर मोनॉक्साइडकडे दुर्लक्ष’ असा नियम प्रोग्राममध्ये घालता आला असता. घातला नाही. खालच्या मजल्यावर कोणी कोळशाची शेगडी पेटवून ठेवली तर नोंद अशीच दिसू शकते. बॅटरीच हलवून हवेशीर जागी ठेवली, चढ थांबला. बंद खोलीत साठणारा हायड्रोजन स्वतःही स्फोटक असतो, तेव्हा ती हलवायलाच हवी होती.

१७ डिसेंबर : पाण्याचा दाब

उजव्या न्हाणीतला गिझर पेटतो-विझतो. गच्चीवरची टाकी या मजल्यापासून जेमतेम दीड मीटर वर, म्हणजे दाब ०.१५ बार. गिझरचा पाण्याचा पडदा काठावर थरथरतो आणि मायक्रोस्विच लागतो-सुटतो. दर वेळी पेटताना थोडा गॅस न जळता बाहेर येतो. टाकी दीड मीटर उंच चौथऱ्यावर घेतली आणि गिझरच्या तोंडाची जाळी साफ केली. बोअरच्या क्षारांनी ती निम्मी बुजली होती.

४ जानेवारी २०२५ : मेसचं स्वयंपाकघर

इथे प्रश्न गळतीचा, तेव्हा सेन्सर वेगळा आणि जागाही वेगळी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, जमिनीवर पसरतो. सेन्सर जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, १९ किलोच्या सिलिंडरांकडच्या बाजूला. एलपीजी हवेत १.८ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो. त्याच्या दहाव्या हिश्शाला, १,८०० पीपीएमला, अलार्म आणि बंद दोन्ही.

एमक्यू-६ हा एलपीजीचा सेन्सर इथे चालतो, पण त्याचे लाड करावे लागतात. नवीन सेन्सर २४ तास तापवूनच कॅलिब्रेट करायचा. हीटरला १५० मिलिअँपिअर लागतात. फरशी पुसायचं फिनेल, सॅनिटायझर, फोडणीचा धूर यांनी आकडा चढतो. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर कायमचा बधिर होतो, म्हणून खिडक्यांना सिलिकॉन सीलंट लावायचं असेल तर आधी सेन्सर काढून ठेवा. मेसच्या मावशी फरशीवर बादलीने पाणी मारतात; वर तिरकं पत्र्याचं झाकण लावलं.

गळती दिसताच एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू करणारे सर्किटचे नकाशे खूप दिसतात. इथे ते मुद्दाम टाळलं. साध्या पंख्याचा किंवा रिलेचा स्पर्श म्हणजे ठिणगी, तीही नेमकी गॅस भरलेल्या खोलीत. अलार्म झाला की गॅस बंद होतो, भोंगा बाहेर वाजतो, आणि माणसाने दार-खिडक्या उघडायच्या. कुठलंही बटण चालू नाही, बंद नाही. फळ्यावर गॅस गळतीचा १९०६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ मोठ्या अक्षरांत.

२० जानेवारी : पिवळी ज्योत

डाव्या न्हाणीत यंत्रणेने मोनॉक्साइडवरून गॅस तोडला. डायऑक्साइड तेव्हा फक्त ४,००० च्या आसपास. हवा पुरेशी आणि तरीही विष, म्हणजे दोष गिझरमध्ये. काचेतून पाहिलं तर मधल्या ओळीच्या ज्योती निळ्या नव्हत्या. टोकं पिवळी, लांब, डुलणारी. झाकण उघडल्यावर बर्नरच्या हवेच्या तोंडात कोळ्याचं जाळं आणि त्यात अडकलेली बारीक काळी धूळ. वर तांब्याच्या पंखांमध्ये काजळी. हवा कमी ओढली जाते, ज्योत पिवळी होते, काजळी बसते, काजळीने वाट आणखी अरुंद होते आणि मोनॉक्साइड आणखी वाढतो.

बर्नर मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने, पंख साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून. जेटमध्ये तार घालायची नाही, छिद्र मोठं होतं. साफ केल्यावर मोनॉक्साइड पूर्ण बादलीभर वेळात ५ पीपीएमच्या खाली. उजव्या न्हाणीचा आणि गॅलरीतले चारही गिझर त्याच दिवशी उघडून साफ केले.

१ मार्च : रेक्टरांकडे सुपूर्द

पेटीच्या दारात आतून चिकटवलेला कागद :

दर सोमवारी चाचणी बटण. व्हॉल्व्ह पडल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. महिन्यातून एकदा पिशवीत फुंकर आणि गच्चीवर कॅलिब्रेशन. सहा महिन्यांनी चाचणीवायू, साबणाचं पाणी आणि बॅटरी : चार्जर काढून व्हॉल्व्ह तासभर उघडा ठेवायचा, व्होल्टेज १२ च्या खाली गेलं तर नवीन बॅटरी. दिवाळीआधी दरवर्षी गिझर उघडून सफाई आणि व्हॉल्व्हच्या आधीची जाळी. मोनॉक्साइड मॉड्यूल डिसेंबर २०२७ ला बदलायचं, ते ठीक दाखवत असलं तरी.

गॅस आपोआप बंद झाला तर आधी दार ठोठावा. उत्तर नाही आलं तर नाण्याने कडी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करून ‘गॅस गिझर’ हे शब्द सांगा, म्हणजे ऑक्सिजनची तयारी ठेवून येतील. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात.

चावी दोन : एक रेक्टरांकडे, एक दुसऱ्या मजल्याच्या मॉनिटरकडे.